जायफळाच्या गावी

श्रीखंडात आपण जायफळ किसून घालतो, पण ते झाडावर कसे लागते हे आम्ही कधी पाहिले नव्हते. गेल्या जुलैत तो योग आला. आमच्या एका मित्राची अडतीस फुटी शिडाची बोट आहे. तिच्यातून आम्ही उभयता आणि आमचा चौदा वर्षांचा मुलगा डार्विनहून निघालो. सौमलाकीला इंडोनेशियात प्रवेशाचे सोपस्कार उरकले आणि आग्नेयेच्या वाऱ्यावर आणखी दोन दिवसांत बांदा बेटे गाठली. मुलाला बोट लागली; आलेपाक आणि आमसुलाचे पाणी यांवर त्याने वेळ निभावली.

बांदा नैराजवळ समुद्र एकदम खोल. नुसता नांगर टाकून भागत नाही, मागचा दोर काठावरच्या झाडाला बांधावा लागतो. आमची तारांबळ पाहून एक गृहस्थ होडीतून आले आणि दोर बांधून मोकळे झाले. पैसे देऊ केले तर हसून म्हणाले, "संध्याकाळी जेवायला या."

त्यांच्या पत्नीला सगळे 'इबू' म्हणजे आई म्हणत. आम्हीही म्हणू लागलो. हळदीच्या पिवळ्या रश्श्यातला मासा, निखाऱ्यावर भाजलेला टूना, भात, झणझणीत सांबाल आणि केनारीच्या बदामांच्या दाट वाटणातली वांगी! पहिला घास घेतला आणि आम्ही एकमेकांकडे पाहिले. भरल्या वांग्यांची ही सख्खी बहीणच. शेवटी जायफळाच्या गराचा मुरंबा. इबू म्हणाल्या, "आम्ही गर खातो, बी विकतो."

दुसऱ्या दिवशी बागेत नेले. जर्दाळूसारखे पिवळसर फळ पिकले की उकलते. आत लालभडक जायपत्री आणि तिच्या आत आपले जायफळ. याच फळासाठी 1621 साली डच कंपनीच्या कूनने इथे कत्तल केली. त्या आधी बेटांवर सुमारे पंधरा हजार लोक होते, त्यांतले जेमतेम हजारभर उरले असा अंदाज आहे. शेजारच्या रुन बेटावरचा हक्क इंग्रजांनी 1667 च्या ब्रेडा तहात सोडला. त्याच तहात मॅनहॅटन इंग्रजांकडे राहिले.

हे ऐकून आम्ही सहज विचारले, "मग तुम्ही मूळचे कुठले?" परदेशात आपल्याला रोज विचारला जाणारा हा प्रश्न आपणच विचारला, हे नंतर लक्षात आले. गृहस्थ शांतपणे म्हणाले, "आमच्या पूर्वजांना बागेत राबायला दुसरीकडून आणले. कुठून, ते घरात कुणाला ठाऊक नाही." मूळच्या बांदावासीयांपैकी काही पळून केई बेटांवर गेले. त्यांचे वंशज तिथे आजही बांदाची जुनी भाषा बोलतात. खुद्द बांदात मात्र ती ऐकू येत नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी बोटीवरच्या स्टोव्हवर पुरण शिजवले. डाळ आमची, ताडगूळ आणि जायफळ त्यांचे. पोळ्या थोड्या फाटल्या, पण इबूंनी दोन खाल्ल्या आणि दोन शेजारणीसाठी नेल्या.

परतीच्या वाटेवर मुलाने विचारले, "चारशे वर्षं त्यांनी भाषा कशी टिकवली?" आम्ही म्हणालो, "घरात बोलत राहिले असतील." मग आम्ही तिघेही बराच वेळ गप्प होतो.

तेव्हापासून आमच्याकडे जेवताना फक्त मराठी, असा नियम झाला आहे. तो जास्त वेळा आम्हीच मोडतो, आणि चिरंजीव आठवण करून देतात. फोटो दिवाळीच्या कार्यक्रमाला घेऊन येऊच.