रागीची रास आणि मोर्यांची घरं

बेंगळुरू मेट्रोची पिवळी मार्गिका ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली आणि जे. पी. नगरला लागून असलेल्या एका टेकडीचं नाव स्थानकाच्या पाटीवर आलं : रागीगुड्डा. म्हणजे नाचणीची टेकडी. सुधर्मा नावाच्या सुनेनं खळ्यावर आलेल्या याचकांना रागी द्यायला घेतली, सासूनं हात धरला. दानाला नाही म्हटलेलं धान्य घरात तरी कशाला, म्हणून सुनेनं देवाला साकडं घातलं आणि अख्खी रास दगड झाली, अशी इथली कथा. टेकडीवरचं आंजनेयाचं देऊळ मात्र अलीकडचं, १९६९ चं.

भूवैज्ञानिकांना या राशीचं वय विचारलं तर ते सुमारे तीनशे कोटी वर्षं सांगतील. बेंगळुरू ज्या नाइस खडकावर उभं आहे, त्याचाच हा उंचवटा. लालबागेत तो उघडा पडलेला दिसतो आणि तिथं त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा मान आहे.

कर्नाटकात अशा दगडी कथा टेकडीटेकडीवर भेटतात. त्यातली सगळ्यात चक्रावणारी ऐकायला उत्तरेला, कोप्पळ जिल्ह्यात गंगावतीजवळच्या हिरेबेनकलला जावं लागतं. गावामागच्या ग्रॅनाइटच्या डोंगरमाथ्यावर चारशेच्या आसपास दगडी बांधकामं आहेत. तीन-चार उभ्या शिळा, वर एका सपाट शिळेचं छप्पर आणि समोरच्या शिळेत कोरलेलं गोल भोक. काहींभोवती दगडांचं कडं. काळ साधारण इ. स. पू. ८०० ते २००. लोक या माथ्याला मोर्यर गुड्डा म्हणतात. मोर्य म्हणजे कोण? तर तीन फुटी, पण अचाट ताकदीची माणसं. ही त्यांची घरं आणि भोकं म्हणजे दारं.

हसण्याआधी जरा थांबावं. कथा रचणाऱ्यानं दोन गोष्टी अचूक टिपल्या आहेत : दार फार लहान आहे आणि दगड फार मोठे आहेत. लहान दाराचं उत्तर सोपं, कारण ही जिवंत माणसांची घरंच नव्हेत. ती मृतांची किंवा मृतांच्या स्मरणार्थ उभारलेली आहेत. मोठ्या दगडांचं उत्तर जास्त रंजक.

ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात खोलवर, प्रचंड दाबाखाली थिजतो. वरचे थर झिजून गेले की दाब हटतो, खडक किंचित फुगतो आणि पृष्ठभागाला समांतर भेगा पडून कांद्यासारखे पापुद्रे सुटू लागतात. अमेरिकी भूवैज्ञानिक जी. के. गिल्बर्ट यांनी १९०४ मध्ये सिएरा नेवाडातल्या घुमटाकार डोंगरांचं वर्णन केलं ते याच दृष्टीनं. पण बेंगळुरूच्या पाथरवटांना ही विद्या आधीपासून अवगत होती, आणि तिची नोंद १८९५ मध्ये ‘नेचर’ साप्ताहिकात एच. वॉर्थ यांनी केली. उघड्या कातळावर लाकडांची एक जळती ओळ मांडायची. थोड्या वेळानं हातोडा मारून आवाज ऐकायचा. आवाज बदलला की खालचा पापुद्रा सुटला असं समजायचं आणि विस्तव काही इंच पुढं सरकवायचा. अशी आग हळूहळू चालवत नेली की भली मोठी, सारख्या जाडीची शिळा सुटून येते. सुरुंग नाही, यंत्र नाही. तापमापक म्हणजे कान!

हिरेबेनकलच्या लोकांनी आगच वापरली असं ठामपणे म्हणता येत नाही. मात्र पापुद्रे सुटणारा खडक त्यांच्या पायाखालीच होता, आणि माथ्यावरचं तळं हीच त्यांची खाण असावी असं मानतात. म्हणजे शिळा खालून वर चढवायच्या नव्हत्याच. ताकदीपेक्षा खडकाची पारख मोठी ठरली.

या जागेची पहिली लेखी नोंद केली फिलिप मेडोज टेलर यांनी, १८३५ मध्ये. निजामाच्या नोकरीतला हा इंग्रज ठगांवरच्या कादंबरीमुळे गाजला; अफजलखानाच्या काळावरची त्याची ‘तारा’ मराठी वाचकाला ऐकून तरी माहीत असेल. पुरातत्त्वज्ञ टेलर मात्र विस्मरणात गेला. पुढं जेवरगीच्या दफनभूमीत त्यानं उत्खनन केलं आणि मातीचे थर दाखवणारे उभे छेद काढले, तेही अशा काळात, जेव्हा बहुतेक हौशी मंडळी भांडी उचलून घरी नेत होती. शंभर वर्षांनी पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी त्या छेदांची मुक्तकंठानं तारीफ केली. आणि व्हीलर कुणाची सहजी तारीफ करणारे नव्हेत! टेलरची एक फसगतही सांगायला हवी : इंग्लंडातल्या दगडी बांधकामांशी साम्य दिसताच त्यानं शकांपासून केल्टांपर्यंत नातं जोडून टाकलं.

तो मोह अजून गेलेला नाही. आता शकांची जागा ‘प्राचीन वेधशाळे’नं घेतली आहे. शिवमोग्गा जिल्ह्यातल्या निलसकल आणि बैसे इथल्या उभ्या शिळांवर श्रीकुमार मेनन आणि मयंक वाहिया यांनी प्रत्यक्ष मोजणी केली आणि काही जोड्या अयनदिनांच्या सूर्योदय-सूर्यास्ताशी जुळतात असं मांडलं. मोजून मांडलेलं म्हणणं तपासता येतं. शेकडो दगडांत एखादी जोडी योगायोगानंही जुळेल, ही शंकाही तिथं विचारता येते. व्हिडिओंतल्या परग्रहवासीयांबाबत ती सोय नाही. त्यांच्यापेक्षा तीन फुटी मोर्य परवडले, त्यांची कथा रचणाऱ्यानं निदान दार तरी पाहिलं होतं.

हिरेबेनकल २०२१ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आहे. तरी गुप्तधनाच्या आशेनं उकरलेली, पाडलेली घरं तिथं दिसतात. जायचं तर हिवाळ्यात सकाळी निघावं, पाणी बरोबर न्यावं. एका उंच खडकावर अर्धगोल दगडी नगारा आहे; ठोकल्यावर तो दूरवर घुमतो. तो वाजवण्याचा आणि छपराच्या शिळांवर चढून फोटो काढण्याचा मोह तेवढा टाळावा.