कणांचा लगाम

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या जळगाव जामोदच्या शिवारात पूर्वी मोटेने पाणी काढीत. नाडा किती ओढायचा, बैल केव्हा फिरवायचे, हे मोटकऱ्याचा डोळा व हात ठरवी. आज विहिरीवर विजेचा पंप असतो. वीज आली की स्वयंचलित कळ तो सुरू करते आणि विजेचा दाब बिघडला की तीच तो बंद करते. शेतकरी घरी निजलेला असला, तरी पंप जळत नाही. असाच पालट जगातील सर्वांत मोठ्या वैज्ञानिक यंत्रांतही घडून आला आहे.

ही यंत्रे म्हणजे कणवेगवर्धक होत. अणूच्या गाभ्यातील प्रोटॉनसारखे कण ती प्रचंड वेगाने पळवितात व एकमेकांवर आदळवितात. त्या आघातातून नवे कण जन्मतात, आणि पदार्थ कशाचा बनला आहे, याचा उलगडा होतो.

स्वित्झर्लंडमधील जिनिव्हाजवळ सर्न नावाची संशोधनसंस्था आहे. तेथे 1959 साली 628 मीटर परिघाचा वेगवर्धक सुरू झाला. शास्त्रज्ञ पडद्यावरील रेषा न्याहाळीत आणि हाताने खुंट्या फिरवून चुंबकांचे बळ कमीअधिक करीत. हे जणू मोटेचे युग होते. 1976 साली सुमारे 7 किलोमीटर परिघाचे यंत्र चालू झाले. त्याच्या प्रत्येक भागासाठी निराळी कळ बसविली असती, तर नियंत्रणकक्षाच्या भिंतीही अपुऱ्या पडल्या असत्या. म्हणून तेथे संगणक नेमण्यात आले. बोटाच्या स्पर्शाने आज्ञा घेणारा पडदा बेंट स्टुम्प व फ्रँक बेक यांनी त्यासाठीच सिद्ध केला.

पुढे 2008 साली 27 किलोमीटर परिघाचा महावेगवर्धक उभा राहिला. जळगाव जामोदहून नांदुऱ्याला जाण्यास जेवढी वाट चालावी लागते, जवळजवळ तेवढाच हा घेर! त्यात कण एका सेकंदात 11,000 हून अधिक फेऱ्या मारतात. पापणी लवेपर्यंत त्यांच्या हजार फेऱ्या होतात. पूर्ण शक्तीच्या कणझोतात अर्धा टन तांबे वितळविण्याइतकी ऊर्जा असते. असा झोत वाट चुकला, तर मानवी हात त्याला कसा आवरणार? म्हणून सुमारे 4,000 संवेदक अहोरात्र पहारा करतात. धोका दिसताच तीन फेऱ्यांच्या आत झोत बाहेर वळवून ग्राफाइटच्या जाड ठोकळ्यात जिरविला जातो.

परंतु पहारा जेथे उणा, तेथे घात होतो. यंत्र सुरू होऊन नऊच दिवस झाले होते. 19 सप्टेंबर 2008 रोजी दोन चुंबकांमधील एक विद्युत्-जोड तापून वितळला. चुंबकांना थंड ठेवणारा हेलियम स्फोटासारखा बाहेर पडला. 53 चुंबक बोगद्याबाहेर काढावे लागले, आणि यंत्र वर्षाहून अधिक काळ बंद राहिले. त्या जोडातील बारीक दोष वेळीच ओळखील, असा पहारेकरी तेथे नव्हता. शास्त्रज्ञांनी कारण शोधले, जोडांवर नवे पहारेकरी बसविले आणि नोव्हेंबर 2009 मध्ये यंत्र पुन्हा चालू केले.

या दक्षतेची प्रचीती पुढे आली. एप्रिल 2016 मध्ये मुंगसासारखा एक लहानसा प्राणी 66,000 व्होल्टच्या रोहित्रावर चढला. तो बिचारा दगावला, वीज खंडित झाली. पण यंत्र आपणहून सुरक्षितपणे थांबले.

या कार्यात भारताचाही वाटा आहे. चुंबकांच्या संरक्षणासाठी लागणारी हजारो विद्युत्-उपकरणे आपल्या देशाने पुरविली. कणांची नोंद घेणाऱ्या सीएमएस या शोधकाचा एक भाग घडविण्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने पुढाकार घेतला. याच शोधकाने व त्याच्या जोडीच्या ॲटलस शोधकाने हिग्ज कण शोधून काढला, आणि 4 जुलै 2012 रोजी ही वार्ता जगाला कळली.

मुलांनो, हात मागे सरला, म्हणून माणसाचे काम संपले असे नव्हे. यंत्राने केव्हा थांबावे, हे माणसालाच आधी विचारपूर्वक ठरवावे लागते. चूक घडलीच, तर ती न झाकता तिचे कारण शोधावे लागते. लगाम संगणकाच्या हाती असला, तरी सारथी माणूसच आहे.