कयाधूकाठचे शब्द

हिंगोलीजवळून वाहणारी कयाधू पुढे पैनगंगेला मिळते. तिच्या काठचं नर्सी हे परंपरेनं संत नामदेवांचं जन्मगाव, साल १२७०. नामदेवांचा निसर्ग देखाव्याचा नाही, ताटातुटीचा आहे. पहाटे चाऱ्याला गेलेली पक्षीण आणि उपाशी वाट पाहणारं पिल्लू, हे चित्र त्यांच्या मराठी अभंगात येतं. गुरु ग्रंथसाहिबातल्या त्यांच्या ६१ पदांत वासरावाचून एकटी पडलेली गाय आहे, पाण्याविना तडफडणारी मासोळी आहे. एका पदात मारवाडातल्या माणसाला पाणी आणि उंटाला वेल जशी प्रिय, तसा देव प्रिय म्हटला आहे. मराठवाड्यातल्या कवीनं वाळवंटाची तहान इतकी नेमकी टिपावी, याचं मला फार अप्रूप वाटतं. पण टंचाई त्यांच्या मुलखालाही नवी नव्हती.

याच हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातल्या रिधोऱ्याचे आजचे कवी इंद्रजित भालेराव. ‘पीकपाणी’ हे त्यांच्या कवितासंग्रहाचं नावच पुरेसं बोलकं आहे. त्यांच्या कवितेत रान म्हणजे कसायची जमीन. तिथं काटे तुडवत जावं लागतं आणि पाऊस आला की आधी पेरणी आठवते.