गिझरआधी पाणी तपासा

शॉवरमधून गरम पाणी येईनासे झाले की घरात पहिला निवाडा गिझरविरुद्ध लागतो. कॉईल गेली असेल, थर्मोस्टॅट बिघडला असेल, नाहीतर गिझरच जुना झाला असेल, असे म्हणून मेकॅनिकला फोन जातो आणि पुष्कळदा नवा गिझर घरात येतो. काही महिने सुखाचे जातात आणि तक्रार पुन्हा जागच्या जागी. बालाघाटच्या डोंगररांगेत, रामलिंगच्या अभयारण्यालगत असलेल्या येडशीसारख्या गावात तरी या निवाड्याचा क्रम उलटा असायला हवा. इथे आधी पाण्याची चौकशी करावी, मग दाबाची, मग विजेची आणि शेवटी यंत्राची. कारण गिझर कोणत्याही कंपनीचा असला तरी त्यात जाणारे पाणी याच जमिनीतले असते, आणि शॉवरच्या बहुतेक तक्रारींचे मूळ त्या पाण्यात आणि त्याच्या वाटेत सापडते.

येडशीचा परिसर दख्खनच्या काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे. या खडकाच्या पोटात पाणी मुरते ते भेगांमधून आणि झिजलेल्या थरांमधून. मुरता मुरता ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार आपल्यात विरघळवून घेते. म्हणून बोअरचे पाणी बहुधा जड लागते: साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ लवकर शिजत नाही, बादलीच्या कडेला पांढरी रेघ उमटते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतले जाते. म्हणजे पिण्यासाठी नियमात बसणारे पाणीसुद्धा गिझरला जड जाऊ शकते. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, पण या क्षारांचे वागणे वेगळे आहे. पाणी तापले की त्यातले बायकार्बोनेट मोडते आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे एक प्रकारचा चुनखडकच, बाहेर पडून सर्वांत तापलेल्या पृष्ठभागावर बसतो. तो पृष्ठभाग म्हणजे कॉईल. लिटरला 400 मिलिग्रॅम कठीणपणाचे पाणी रोज 50 लिटर तापवले, तर वर्षभरात सात किलोंहून अधिक क्षार त्या टाकीतून जातात. त्यातला थोडाच भाग आत राहतो, पण कॉईलवर जाड थर धरायला तेवढा पुरतो.

या थराचा परिणाम नीट समजून घ्यायला हवा, कारण त्याबद्दल एक गैरसमज आहे. थरामुळे वीज कितीतरी पट जास्त लागते, असे सांगितले जाते. कॉईल पाण्यात बुडालेली असल्याने तिची उष्णता अखेर पाण्यातच उतरते. म्हणून विजेच्या गिझरमध्ये हे नुकसान समजतो तेवढे मोठे नसते. खरे नुकसान वेगळे आहे. उष्णता थराआड कोंडते, कॉईल आतल्या आत भाजते आणि लवकर जळते. थर्मोस्टॅटच्या नळीभोवतीही क्षार साचले तर तिला कोंडलेली उष्णता जाणवते आणि टाकीतले पाणी कोमट असतानाच दिवा विझतो. तळाशी साचलेला गाळ टाकीची जागा खातो, आणि क्षाराचे कण पुढे जाऊन शॉवरची बारीक भोके बुजवतात. सोलरमध्ये हाच थर नळ्यांत धरतो आणि ऊन कडक असूनही पाणी तापत नाही. एका कारणाची अशी अनेक रूपे असतात. प्रत्येक रूपाला वेगळा रोग समजून एकेक भाग बदलत गेलो, तर खर्च होत राहतो आणि रोग तसाच राहतो.

दुसरा प्रश्न दाबाचा. सुमारे दहा मीटर उंचीच्या पाण्याने एक किलोचा दाब मिळतो. एकमजली घरात गच्चीवरची टाकी शॉवरपेक्षा दीड-दोन मीटरच उंच असते. म्हणजे दाब फार तर त्याच्या पाचव्या हिश्श्याइतका असतो. एवढ्या दाबावर भोके अर्धी बुजलेला शॉवर गळू लागतो आणि गॅस गिझर तर पेटतच नाही, कारण पाण्याचा पुरेसा जोर आल्याशिवाय त्यातला पडदा गॅस सोडत नाही. इथे गिझर अगदी ठीक असतो. टाकी उंचावणे, नळीचा व्यास वाढवणे किंवा शॉवर साफ करणे हा उपाय. गॅस गिझरच्या बाबतीत एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी: तो बंद बाथरूमच्या आत कधीही बसवू नये. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास, आणि अंघोळ करणारा माणूस जागीच बेशुद्ध पडून दगावू शकतो.

दाब जास्त असूनही घोटाळा होतो. बोअरच्या मोटारीची किंवा प्रेशर पंपाची नळी थेट थंड पाण्याच्या बाजूला जोडलेली असेल, तर मिक्सरमध्ये थंड पाणी जोर करते आणि सोलरकडून संथपणे येणाऱ्या गरम पाण्याला मागे लोटते. घरातले लोक म्हणतात, ऊन असून सोलर चालत नाही. परीक्षा सोपी आहे. थंड पाण्याचा कॉक पूर्ण बंद करून फक्त गरम सोडावे. आता कढत पाणी आले, तर दोष मिक्सरमध्ये किंवा जोडणीत आहे. दोन्ही बाजूंना एकाच टाकीचे पाणी देणे आणि पाणी उलटे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह बसवणे हा त्यावरचा मार्ग. गरमच्या बाजूने धारच येत नसेल, तर नळीत हवा धरली आहे का किंवा क्षार अडकले आहेत का ते पाहावे. बाथरूममधला खालचा नळ आणि वरचा शॉवर यांची तुलनाही पुष्कळ सांगून जाते: खालच्या नळाला भरपूर गरम पाणी येते आणि वर येत नाही, तर गिझरला हात लावायची गरजच नाही.

काही तक्रारींत तर काहीच बिघडलेले नसते. हिशोब चुकलेला असतो. 15 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला 2 किलोवॅटच्या गिझरला सुमारे 21 मिनिटे लागतात. व्होल्टेज 230 वरून 180 वर उतरले, तर त्याच कामाला 34 मिनिटे लागतात, कारण कॉईलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. शिवाय ते 15 लिटर थंड पाण्यात मिसळून अंघोळीजोगे 30 लिटरच होते. मिनिटाला 8 लिटर सोडणारा शॉवर ते चार मिनिटांत संपवतो. तीन लिटरचा, 3 किलोवॅटचा इन्स्टंट गिझर तर मिनिटाला दोन लिटरच्या आसपास पाणी 20 अंशांनी तापवू शकतो. तो बादलीसाठी योग्य आहे. त्याच्याकडून शॉवरची अपेक्षा करणे म्हणजे एका चुलीवर पंगतीचा स्वयंपाक मागणे.

यावर कोणी म्हणेल, एवढी तपासणी करायला सकाळी वेळ कोणाला आहे? पण थंड कॉक बंद करून पाहणे, खालचा नळ उघडणे, शॉवर काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवणे याला मेकॅनिकची वाट पाहण्याइतकाही वेळ लागत नाही. मात्र गिझर उघडणे हे जाणकाराचेच काम. मुख्य स्विच बंद करणे, अर्थिंग तपासणे आणि सेफ्टी व्हॉल्व्ह मोकळा आहे की नाही ते पाहणे याला सवलत नाही. जड पाण्याच्या गावात वर्षातून एकदा टाकी धुऊन कॉईलचा थर काढून घ्यावा आणि टाकीला गंजापासून वाचवणारी मॅग्नेशियमची कांडी झिजली असेल तर बदलावी. थर्मोस्टॅट 55 ते 60 अंशांच्या दरम्यान ठेवला तर क्षारही कमी बसतात. दुसरा आक्षेप असा, की सरळ वॉटर सॉफ्टनर बसवून का टाकू नये? क्षार त्याने खरोखर कमी होतात. पण तो मिठाच्या पाण्याने वेळोवेळी धुवावा लागतो आणि ते खारे पाणी वाया जाते. पाण्याची चणचण असलेल्या घराने हा खर्च मोजूनच निर्णय घ्यावा. छतावरचे पावसाचे पाणी साठवता आले, तर ते मुळातच मऊ असते आणि गिझरला त्याच्याइतके मानवणारे दुसरे पाणी नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: जिथे उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लागतात, तिथे शॉवरची चर्चा शोभते का? एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाणी नेणारी जलदूत रेल्वे कुर्डुवाडी–लातूर मार्गावरून गेली. येडशीचे स्टेशन याच मार्गावर आहे. हा आक्षेप पूर्ण मान्य करूनच म्हणावेसे वाटते, की बिघडलेला शॉवर हा पाण्याचा चोर आहे. गच्चीवरच्या सोलरपासून बाथरूमपर्यंत एक इंची नळी बारा मीटर असेल, तर तिच्यात सहा लिटरच्या आसपास गार पाणी थांबलेले असते. गरम पाणी येईपर्यंत ते मोरीत सोडून दिले जाते, घरातल्या जवळजवळ प्रत्येक अंघोळीला. मिक्सर ठीक नसेल, तर कोमट-कढत जुळवण्यात आणखी बादली जाते. नळी आखूड करणे, दाब पुरेसा असेल तर बारीकही करणे, तिला उष्णता धरून ठेवणारे आवरण घालणे, पहिले पाणी बादलीत धरून कपडे-भांड्यांना वापरणे ही दुरुस्ती आणि काटकसर एकाच वेळी होते. पूर्वी बंबात जेवढे पाणी ओतू तेवढेच तापून बाहेर यायचे, त्यामुळे प्रत्येक घागरीचा हिशोब डोळ्यांसमोर असे. नळाने तो हिशोब भिंतीआड नेला. शॉवर गार पडतो तेव्हा तोच हिशोब पुन्हा मांडावा: पाणी कोणत्या जमिनीतून आले, किती उंचीवरून उतरले, कोणत्या नळीत थांबले आणि किती वेळ तापले. एवढे विचारून झाल्यावरही उत्तर मिळाले नाही, तर मग गिझर उघडावा.