कुमारवयाची साक्ष

कुमारांसाठीं लिहिणाऱ्या प्रौढांपुढें एक अडचण नेहमींच उभी असते. तें वय त्यांनीं स्वतः भोगलेलें असतें खरें. परंतु त्यांतील भय, लाज आणि मित्रांसाठीं होणारी जिवाची उलघाल मागें पडून स्मरणांत बहुधा गोडवाच उरतो. अशा गोडव्यावर रचलेलीं पुस्तकें कुमारांना परकीं वाटतात. अमेरिकेंतील ओक्लाहोमा राज्यांत, टल्सा शहरीं वाढलेल्या सुसान एलोइज हिंटन हिला तीं तशींच वाटलीं. आणि तिनें त्यांवर उपाय केला तो स्वतः कादंबरी लिहून.

सुसानचा जन्म १९४८ सालचा. तिच्या शाळेंत मुलांचे उघड तट पडले होते. श्रीमंत वस्तींतील ते ‘सोश’. गरीब वस्तींतील, लांब केसांना तेल चोपडणारे ते ‘ग्रीझर’. शाळेंतून घरीं जाणाऱ्या तिच्या एका मित्राला केवळ तो ग्रीझर म्हणून मार बसला, आणि त्या संतापांत तिनें लेखणी हातीं घेतली. वय होतें पंधरा. पुस्तकाचा बराचसा भाग सोळाव्या वर्षीं लिहून झाला. गंमत अशी कीं, त्याच वर्षीं शाळेंत ललितलेखनाच्या विषयांत तिला अगदीं खालची श्रेणी मिळाली! १९६७ सालीं ‘दि आउटसायडर्स’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली, तेव्हां लेखिका अठरा वर्षांची होती. मुलांच्या टोळ्यांवर मुलीनें लिहिलेलें पुस्तक समीक्षक गंभीरपणें घेणार नाहींत, या शंकेनें प्रकाशकांनीं मुखपृष्ठावर नांवाचीं आद्याक्षरेंच छापलीं.

कथेचा निवेदक पोनीबॉय हा चौदा वर्षांचा, आईबाप मोटारच्या अपघातांत गमावलेला मुलगा. थोरला भाऊ विशीचा. धाकट्या दोघांना एकत्र ठेवण्यासाठीं तो राबतो आणि म्हणूनच कठोर होतो. टोळ्यांच्या मारामारींत एका मुलाचा जीव जातो, पुढें आणखीही जातात. शेवटीं वाचकाला कळतें कीं, आपण वाचली ती सारी कहाणी पोनीबॉयनें शाळेंतील निबंध म्हणून लिहिलेली आहे. जें दुःख कोणापाशीं बोलतां येत नव्हतें, तें वहींत उतरल्यावर त्याला सोसतां येऊं लागतें.

त्याच वर्षीं ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्यें लिहिलेल्या लेखांत हिंटनबाईंनीं आपली भूमिका मांडली. कुमारांसाठीं म्हणून निघणारीं पुस्तकें त्यांच्या खऱ्या जीवनापासून फार दूर आहेत, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. कांहीं शाळांना त्यांच्या कादंबरींतील मद्यपान व हाणामारी खपली नाहीं, व तेथें ती वगळण्यांत आली. अन्य अनेक शाळांनीं तीच कादंबरी अभ्यासाला लावली. कॅलिफोर्नियांतील एका शाळेच्या मुलांनीं व ग्रंथपाल बाईंनीं दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांना पत्र लिहून चित्रपट काढण्याची विनंती केली, आणि १९८३ सालीं तो निघालाही. कुमारवाङ्मयासाठीं ठेवलेला मार्गारेट एडवर्ड्स पुरस्कार १९८८ सालीं प्रथम हिंटनबाईंनाच मिळाला.

परंतु कीर्तीचें ओझेंही लहान नव्हतें. पहिलें पुस्तक भावनेच्या वेगांत झालें. यशानंतर मात्र लेखणीच थांबली. तेव्हां ज्या मित्राशीं पुढें त्यांचा विवाह झाला, त्यानें अट घातली: रोज दोन पानें लिहून झाल्याखेरीज फिरावयास जाणें नाहीं. असें दोन-दोन पानांनीं साचलेलें दुसरें पुस्तक १९७१ सालीं बाहेर पडलें.

वाढत्या वयाच्या मुलाची वही हातीं लागली, तर वडीलधारे प्रथम शुद्धलेखन पाहतात, मग शिकवण शोधतात. हिंटनबाईंचें उदाहरण निराळेंच कांहीं सुचवितें. त्या वहींत कदाचित् असें कांहीं असेल, कीं जें सांगण्याची उमेद विसाव्या वर्षानंतर राहत नाहीं. तें आधीं नीट ऐकून घ्यावें; चुका दुरुस्त करावयास पुढें पुष्कळ अवसर असतो.