'इथ झीरो' कुठे गेला?

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाला किती नेटवर्क जोडण्या आहेत, हे 'आयपी लिंक' ही आज्ञा दिली की कळतं. पूर्वी तिचं उत्तर सोपं असे: तारेच्या जोडणीला 'इथ०', वायफायला 'डब्ल्यूलॅन०'. आज त्या जागी 'ईएनपी३एस०' किंवा 'डब्ल्यूएलपी२एस०' अशी अक्षरं दिसतात. नवख्याला ती पाहून काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं. खरं तर एका जुन्या आणि धोकादायक बिघाडावरचा तो उपाय आहे.

लिनक्समध्ये हार्डडिस्क, कीबोर्ड, माउस अशा बहुतेक उपकरणांसाठी 'डेव्ह' या फोल्डरात एक फाइल असते. नेटवर्क कार्डासाठी तशी फाइल नसते. आयपी पत्ता कोणत्या कार्डाला द्यायचा, फायरवॉलने कुठून येणारी माहिती अडवायची, हे लिहिताना हाताशी असतं ते कार्डाचं नाव, तेही जास्तीत जास्त १५ अक्षरांचं.

हे नाव लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, देतो. त्याची पद्धत साधी आहे: जे कार्ड आधी सापडेल ते 'इथ०', त्यानंतरचं 'इथ१'. वर्गात जो आधी पोचेल त्याला त्या दिवसापुरता हजेरी क्रमांक १ द्यावा, तसा हा प्रकार. कार्ड एकच असेल तर काहीच अडत नाही. पण एखाद्या कचेरीच्या सर्व्हरला दोन कार्डं आहेत, एक इंटरनेटकडे आणि दुसरं आतल्या संगणकांकडे, असं समजा. सर्व्हर लवकर सुरू व्हावा म्हणून ड्रायव्हर एकाच वेळी चढवले जातात. त्यामुळे कोणतं कार्ड आधी सापडेल याची खात्री नसते. एखाद्या रीस्टार्टनंतर दोन्ही नावांची अदलाबदल झाली, तर फायरवॉलचे नियमही उलटे लागू होतात. आतल्यांना दिलेली मोकळीक बाहेरच्या जगाला मिळते, आणि पडद्यावर चूक झाल्याचं सांगणारी एक ओळही उमटत नाही.

पहिला तोडगा कार्डाच्या मॅक पत्त्याचा होता. कारखान्यातच दिलेला हा ४८ बिटांचा क्रमांक 'यूडेव्ह' ही यंत्रणा नावासोबत एका फाइलीत नोंदवून ठेवी आणि पुढच्या वेळी तेच नाव परत देई. यातूनही नव्या अडचणी आल्या. जळालेलं कार्ड बदललं की नवं कार्ड 'इथ१' होई आणि सगळी सेटिंग्ज 'इथ०'ची वाट पाहत बसत. आभासी संगणकाची प्रत काढली की तिचा मॅक पत्ता वेगळा, म्हणून नावही वेगळं, आणि नेटवर्क बंद. शिवाय कर्नल जी नावं वाटत होता तीच 'यूडेव्ह'ही वाटू पाहत असल्याने दोघांची टक्कर होई.

मग कार्ड कुठे बसवलं आहे, त्यावरून नाव ठरवण्याचा विचार पुढे आला. डेल कंपनीच्या 'बायोसडेव्हनेम' या प्रोग्रॅममुळे २०११च्या फेडोरा १५ या लिनक्स वितरणात मदरबोर्डवरचं कार्ड 'ईएम१' झालं. जानेवारी २०१३मध्ये लिनक्स सुरू करून सेवा सांभाळणाऱ्या 'सिस्टमडी'च्या १९७व्या आवृत्तीने आजची पद्धत आणली. २०१४च्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ने ती स्वीकारली, २०१७च्या डेबियन ९नेही.

या पद्धतीतली नावं उलगडायला अवघड नाहीत. 'ईएन' म्हणजे इथरनेट, 'डब्ल्यूएल' म्हणजे वायफाय, 'डब्ल्यूडब्ल्यू' म्हणजे मोबाइल नेटवर्कचं मोडेम. 'ईएनओ१' हे मदरबोर्डवरचं पहिलं कार्ड. 'ईएनपी३एस०' हे पीसीआय बस ३, स्लॉट ० इथलं. 'ईएनएक्स'पुढे मॅक पत्त्याची १२ अक्षरं जोडली की १५ अक्षरांची मर्यादा नेमकी भरते.

तरीही हा उपाय पुरता पक्का नाही. नवं ग्राफिक्स कार्ड किंवा एनव्हीएमई डिस्क बसवली की बसचे क्रमांक सरकू शकतात. मग 'ईएनपी३एस०'चं 'ईएनपी४एस०' होतं. सर्व्हर दुसऱ्या गावात असेल, तर एवढ्यावरून संपर्कच तुटतो.

म्हणून एकाहून अधिक कार्डं असलेल्या संगणकावर कामावरून स्वतः नावं द्यावीत: आतल्या जाळ्यासाठी 'लॅन०', इंटरनेटसाठी 'वॅन०'. 'आयपी लिंक'ने दिलेलं नाव रीस्टार्ट होईपर्यंतच टिकतं. कायमच्या नावासाठी 'ईटीसी'मधल्या 'सिस्टमडी'च्या नेटवर्क फोल्डरात '.लिंक' या शेपटीची छोटी फाइल लिहायची. तिच्या 'मॅच' भागात कार्डाचा मॅक पत्ता आणि 'लिंक' भागात हवं ते नाव. 'इथ०' हे नाव मात्र टाळावं, कारण कर्नलच्या वाटपाशी पुन्हा तीच टक्कर होते. डेबियन-उबुंटूवर त्यानंतर 'इनिटरॅमएफएस', म्हणजे संगणक सुरू होताना आधी चढवली जाणारी छोटी फाइल-व्यवस्था, नव्याने बनवावं लागतं, नाहीतर सुरुवातीलाच जुनं नाव लागू होऊ शकतं.

कोणतं नाव मागच्या कोणत्या भोकाचं, हेही आधी तपासता येतं. 'एथटूल' या आज्ञेला 'पी' हा पर्याय दिला की, कार्डात सोय असेल तर, त्याच भोकाजवळचा दिवा लुकलुकतो. केबलवर तेच नाव चिकटवून ठेवलं की दुरुस्तीला येणाऱ्याला अंदाज बांधावा लागत नाही.

यात मॅक पत्ता पुन्हा आला खरा, पण आता त्याची जागा वेगळी आहे. कार्ड जळून नवं बसवलं तर '.लिंक' फाइलीतली मॅक पत्त्याची एकच ओळ बदलायची. 'लॅन०' आणि 'वॅन०' या नावांवर बेतलेले फायरवॉलचे सगळे नियम जसेच्या तसे चालू राहतात.