चाकं सुटली, पण विमान उडालं नाही

अमेरिकेतल्या आयडाहो राज्याच्या डोंगराळ रानात ब्रूस मेडोज नावाची एक साधी धावपट्टी आहे. 30 जून 2012 रोजी स्टिन्सन 108 हे चाळीसच्या दशकातलं छोटं विमान चौघांना घेऊन तिथून निघालं. बरंच धावून ते उठलं, झाडांच्या शेंड्यांवरून जेमतेम सरकत राहिलं आणि थोड्याच वेळात त्या झाडांमध्येच कोसळलं. आतल्या कॅमेऱ्याने हे सगळं टिपलं. ती चित्रफीत जगभर पाहिली गेली.

इंजिन बंद पडलं असेल, असं आपल्याला आधी वाटतं. पण ते शेवटपर्यंत चालू होतं. कमी पडली ती हवा.

ही धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे 6,370 फुटांवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही जवळपास हजार फूट उंच. त्या उंचीवर प्रमाण तापमान 2 ते 3 अंश सेल्सिअस धरतात. त्या दिवशी ते होतं 27 च्या आसपास. तापलेली हवा विरळ होते. वैमानिकांचा ढोबळ हिशेब असा, की प्रमाणापेक्षा जास्त असलेल्या प्रत्येक अंशामागे उंचीत 120 फूट मिळवायचे. तसं केलं तर आकडा 9,000 फुटांच्या पुढे जातो. याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. धावपट्टी होती तिथेच होती, पण विमानाच्या लेखी ती अडीच-तीन हजार फूट वर सरकली होती.

विरळ हवेचा फटका तीन ठिकाणी बसतो. टर्बो नसलेल्या इंजिनाला हवा कमी मिळाली, की दर हजार फुटांमागे साधारण 3 टक्के ताकद जाते. 165 अश्वशक्तीच्या इंजिनाची 120 च्या आसपासच उरते. प्रोपेलरलाही रेटायला हवा कमी. आणि पंखांना तेवढीच उचल मिळण्यासाठी जमिनीवरून जास्त वेगाने धावावं लागतं, म्हणून धावपट्टी भराभर संपते.

तरीही विमान उठतं, आणि खरी फसगत इथेच होते. पंखांच्या लांबीएवढ्या उंचीच्या आत, म्हणजे या विमानाच्या बाबतीत दहाएक मीटरपर्यंत, जमीन जवळ असल्यामुळे पंखांच्या टोकांशी उठणारे भोवरे दबतात आणि हवेचा विरोध घटतो. हा ग्राउंड इफेक्ट. त्याच्या आधारावर चाकं सुटतात, वैमानिकाला हायसं वाटतं. जरा वर गेलं, की तो आधार निसटतो, विरोध वाढतो आणि चढायला ताकद शिल्लक नसते. समोर झाडं दिसल्यावर माणूस नाक वर ओढतो. ते स्वाभाविकच आहे. पण त्याने वेग आणखी पडतो आणि पंख उचल सोडून देतात. त्याला स्टॉल म्हणतात.

रानात उतरणाऱ्या वैमानिकांमध्ये एक जुना नियम चालतो: अर्धी धावपट्टी संपेपर्यंत उड्डाणाच्या वेगाच्या 70 टक्के वेग आला नाही, तर सरळ थांबायचं. त्याहून चांगलं म्हणजे आधीच हिशेब करायचा, सामान कमी करायचं, माणसं दोन खेपांत न्यायची किंवा पहाटेपर्यंत थांबायचं. त्याच धावपट्टीवर तापमान 5 अंश असतं, तर तोच हिशेब 6,700 फुटांच्या आत आला असता.

चौघेही वाचले. वैमानिकाला मात्र गंभीर इजा झाली.